रूळ येवोत, पण वाघळांचे झाड राहो

रेल्वेच्या कामाबद्दल शेतकऱ्याने एखादा प्रश्न विचारला की लगेच त्याला प्रगतीचा वैरी ठरविण्यात येते. गोव्यात हे गेली तीस-पस्तीस वर्षे चालले आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, आम्ही रेल्वेच्या विरुद्ध नाही. पेडणे, थिवी, करमळीच्या स्थानकांवरून आपली मुले मुंबईला शिकायला व नोकरीला जातात, आजारी माणसे मंगळूर-मणिपालच्या दवाखान्यांत पोहोचतात. आगबोट आणि रात्रभराचा एसटीचा प्रवास ज्यांनी भोगला आहे त्यांना रुळांची किंमत नव्याने सांगायला नको. आमचा प्रश्न एवढाच आहे: रूळ टाकण्यापूर्वी त्या जागी काय उभे आहे आणि कोण राहते, हे कोणी पाहिले का? आणि पाहिले नसेल, तर ते पाहण्याचे काम गावाने का करू नये?

आज हा विषय काढण्याचे कारण असे. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा भाग २०२१ साली दुहेरी झाला. उरलेल्या मार्गाच्या दुहेरीकरणाची मागणी वेळोवेळी होत असते, आणि गाड्यांची गर्दी पाहता ती होणारच. दुसरा रूळ आज ना उद्या पेडणे व डिचोलीच्या दिशेने येईल असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. मोजणीचे खुंटे शेतात आल्यावर जागे होण्यापेक्षा आजच तयारी केलेली बरी.

मागे काय घडले

कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. गोव्यातून जाणाऱ्या सुमारे १०५ किलोमीटर मार्गावर लोकांनी मोठी हरकत घेतली. खाजनांची शेते, जुने बांध, पाण्याच्या वाटा आणि जुन्या गोव्याचा वारसा यांना धक्का लागेल, सबब मार्ग आतल्या तालुक्यांतून न्यावा, अशी त्या चळवळीची मागणी होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले. गोवा फाउंडेशनची याचिका १९९२ साली फेटाळली गेली. पुढे केंद्र सरकारने न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपविली. इतके होऊनही मार्ग मुख्यतः ठरल्या ठिकाणीच गेला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध कोकण रेल्वे सुरू झाली.

या इतिहासातून आपल्या भागाला दोन धडे घेता येतात. पहिला धडा पेडण्याच्या बोगद्याचा. तिथली माती इतकी ठिसूळ व पाणथळ निघाली की दरड पुन्हा पुन्हा कोसळली, काम वर्षानुवर्षे रखडले. सबंध मार्गात शेवटपर्यंत अडून राहिलेले काम ते हेच. आणि जुलै २०२४ मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनंतरही, त्याच बोगद्यात पाणी व चिखल शिरून गाड्या बंद पडल्या. डोंगराचे पोट, वरचे झाड आणि खालचा झरा ही एकाच घरातली माणसे आहेत. त्यातल्या एकाला हात लावला की दुसरे बोलते, हे ज्याने विहीर खोदली आहे त्याला सांगावे लागत नाही.

दुसरा धडा अधिक नाजूक आहे. खाजने वाचवायची म्हणून मार्ग आत सरकवायचा, तर तो डोंगराळ रानांच्या पट्ट्यातून जाणार. तिथे बांध नसले तरी रान आहे, देवराया आहेत, गुहा आहेत. आपल्या दारातली आपत्ती शेजाऱ्याच्या दारात ढकलणे म्हणजे उपाय नव्हे. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी दोन्ही दारांची पाहणी झाली पाहिजे. ही पाहणी कायद्याने होत असेल असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ज्या कामांना आधी पर्यावरणाची परवानगी लागते, त्यांच्या २००६ सालच्या केंद्रीय यादीत रेल्वेमार्ग नाही. अभयारण्य किंवा जंगल ठरलेली जमीन आड आली तर परवानगीचा प्रश्न उभा राहतो. पण जंगल म्हणून न ठरलेले आपले काजूचे डोंगर, कुळागरे व राने त्यात बसत नाहीत. म्हणजे त्यांचा वाली गावच.

मोलेने काय शिकविले

लोकांनी मन लावले तर काय होते याचे ताजे उदाहरण मोलेचे आहे. कॅसलरॉक ते कुळे हा दुधसागराजवळून जाणारा रेल्वेमार्ग दुहेरी करण्याचा बेत होता. हा मार्ग भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यानातून जातो. एकूण सुमारे २४० चौरस किलोमीटरचे हे रान, त्यातले १०७ चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान. त्याच रानातून चौपदरी रस्ता आणि विजेची मोठी वाहिनीही न्यायची होती. २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत तरुण मुलांनी, शास्त्रज्ञांनी, चित्रकारांनी या तिन्ही कामांची कागदपत्रे वाचली आणि लोकांना सोप्या भाषेत समजावून सांगितली. दुसऱ्या बाजूने, रूळ दुहेरी झाले तर मुरगाव बंदरातून कोळशाची वाहतूक वाढेल या भीतीने सासष्टीतील गावे उठली. ‘गोयांत कोळसो नाका’ ही घोषणा त्यातलीच. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर येथे हजारो लोक रुळांपाशी जमले व पहाटेपर्यंत बसून राहिले.

पण केवळ जमाव जमल्याने निकाल लागला नाही, हे ध्यानात घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला की या दुहेरीकरणाची गरज पटत नाही. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कामाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. नीट अभ्यास करून पुन्हा अर्ज करण्याची वाट मात्र मोकळी ठेवली. अभ्यास नसताना दिलेली परवानगी टिकली नाही, हे या निकालाचे सार. मोप्याच्या विमानतळाच्या बाबतीतही मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाची मंजुरी स्थगित केली होती, कारण अर्जात झाडांची व भोवतालच्या रानांची माहिती पुरेशी दिलेली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून ती स्थगिती उठली आणि विमानतळ झाला. तेव्हा विजय मिळतोच असे नाही. पण ज्याच्याकडे झाडांची मोजदाद आहे त्याचे बोलणे ऐकावे लागते, एवढे खरे.

वटवाघूळ शेतकऱ्याचे कोण?

झाडाबद्दल आपल्याला माया असते, वटवाघळाबद्दल नसते. ते अशुभ, घाणेरडे, फळे नासविणारे, रोग आणणारे अशी आपली समजूत. सरकारचीही तीच होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर-घुशी व कावळ्यांच्या ओळीत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात बसविली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकले आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अंमलात आली. कायदा बदलला, आता आपली समजूत बदलायची आहे.

आपल्या भागात वटवाघळांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक मोठी, वडा-पिंपळावर, जुन्या आंब्यावर दिवसा उलटी लटकणारी, पंख पसरले तर चार फूट भरणारी. ही फळे व फुलांतला मध खातात. दुसरी लहान, कौलांखाली, गुहांत, जुन्या बांधकामांत व झाडांच्या ढोलीत राहणारी. ही किडे खातात. हरवळ्याच्या कोरीव लेण्यांसारख्या जागा अशा प्राण्यांना फार आवडतात.

मोठ्या वटवाघळांचे काम रानाची पेरणी करण्याचे. एका रात्रीत ती कैक मैल हिंडतात आणि वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, उंडी यांच्या बिया दूरवर टाकतात. काजूचे बोंड तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात, रस चोखतात आणि बी खाली टाकतात. केरळात वटवाघळांच्या झाडाखाली पडलेल्या काजूच्या बिया व सुपाऱ्या शेतकरी गोळा करतात, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे. खाडीकाठच्या चिपीची फुले रात्रीच उमलतात आणि वटवाघळे त्यांचे परागण करतात. चिपी वाढली तर बांध टिकतो, बांध टिकला तर खाजनातले भात टिकते. साखळी अशी आहे.

लहान वटवाघळे रात्रपाळीचे राखणदार. आपल्या वजनाच्या निम्म्याएवढे किडे एक वटवाघूळ एका रात्रीत सहज फस्त करते. थायलंडात भातावरचे तुडतुडे खाणाऱ्या एका जातीचा हिशेब २०१४ साली मांडला गेला. ती वटवाघळे वर्षाला सुमारे २,९०० टन भात वाचवितात असा अंदाज निघाला. अमेरिकेतला अनुभव तर आरोग्याच्या पानावर ठळक छापण्याजोगा आहे. तिथे २००६ पासून एका बुरशीच्या रोगाने वटवाघळे लाखांनी मेली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या भागांत ती मेली तिथे शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढविला आणि त्याच भागांत तान्ह्या मुलांचे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. वटवाघूळ गेले, फवारा आला आणि फवाऱ्याची किंमत पाळण्याने भरली.

बरे, एकदा गेलेले वटवाघूळ लवकर परत येत नाही. मोठ्या वटवाघळाला वर्षाला एकच पिलू होते. शंभर वर्षांचा वड पाडून त्याच्या बदली शंभर रोपे लावली, असे सरकारी कागद सांगतो. पण त्या रोपांना ढोली नाही, आडवी फांदी नाही, सावली नाही. तोवर वाघळांनी जायचे कुठे? आपल्या हद्दीजवळच, खानापूर तालुक्यातील तळेवाडीच्या बारापेडे गुहांत राहणाऱ्या एका दुर्मिळ वटवाघळाचे वर्णन शास्त्रज्ञांनी १९१३ साली प्रथम केले. पुढे कित्येक दशके ही जात जगात दुसरीकडे कुठेच माहीत नव्हती. फार उशिरा ती मेघालयात व कंबोडियात आढळली. ती गुहा भीमगडच्या रानात आहे आणि ते रान २०११ साली अभयारण्य झाले. एका डोंगराच्या एका कपारीवर एखाद्या जातीचे जगणे कसे अवलंबून असते, ते यावरून दिसते.

रोगाची भीती: खरी किती, खोटी किती?

वटवाघळांपासून रोग येतो, हे खोटे नाही. निपाह विषाणू मोठ्या वटवाघळांत राहतो. २०१८ साली केरळात कोळिकोड परिसरात त्याने १७ जणांचा बळी घेतला. पण हा रोग प्रथम ओळखला गेला तो मलेशियात, १९९८-९९ साली, आणि तो कसा पसरला हे डुकरे पाळणाऱ्या आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावे. तिथे डुकरांच्या मोठ्या गोठ्यांलगतच आंब्याच्या बागा होत्या. वटवाघळांची उष्टी फळे गोठ्यात पडत, ती डुकरे खात, डुकरे आजारी पडत आणि त्यांच्यापासून माणसे. शंभरावर माणसे दगावली, दहा लाखांच्या आसपास डुकरे मारावी लागली.

यावर उपाय झाड तोडणे हा नव्हे. झाड तोडले की वाघळे गावभर विखुरतात आणि माणसांच्या अधिक जवळ येतात. उपाय साधे आहेत. डुकरांचा गोठा फळझाडाखाली किंवा वाघळांच्या झाडाखाली बांधू नये. असल्यास वर छप्पर घालावे. चोच वा दात लागलेले फळ, ते कितीही गोड दिसो, खाऊ नये, मुलांना व जनावरांनाही देऊ नये. माडाच्या पोयीला लावलेले मडके झाकून ठेवावे. बांगलादेशात उघड्या मडक्यातल्या ताज्या खजूररसातून हा रोग माणसांत गेला आहे. मेलेल्या वा पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये. चावल्यास जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण रेबीजचाही धोका असतो.

जंगल मोडल्यानेही रोग येतात, हे आपण विसरतो. माकडताप १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या रानांत प्रथम ओळखला गेला. तो २०१५ साली सत्तरीत दिसला आणि २०१६ साली पलीकडे दोडामार्गात. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना गोचिडींपासून तो लागतो. रान तुटून माकडे, गुरे, गोचिडी आणि माणसे एकमेकांना चिकटली की असले ताप बळावतात. सलग रान हे गावाचे कुंपण आहे.

नुकसानीबद्दलही बोलू. चिकू, पेरू, केळी यांवर वटवाघळे येतात, हे खरे. आंबा बाजारासाठी तयार पण कच्चा उतरविला तर नुकसान पुष्कळ कमी होते, कारण ती पिकलेल्या फळावरच येतात. जाळे लावायचे तर बोट आत जाणार नाही इतक्या बारीक विणीचे व ताणून बसविलेले असावे. सैल नायलॉनच्या जाळ्यात अडकून वटवाघळे व पक्षी हकनाक मरतात आणि फळही वाचत नाही.

उशिरा केलेल्या काळजीची किंमत

इंग्लंडात लंडनहून उत्तरेकडे जाणारी एक अतिवेगवान रेल्वे बांधली जात आहे. बकिंगहॅमशायरमधील एका जुन्या जंगलाच्या कडेने ती जाते आणि त्या जंगलात एका दुर्मिळ वटवाघळाची वस्ती आहे. ती गाडीखाली मरू नयेत म्हणून रुळांवर सुमारे एक किलोमीटर लांबीचे कमानदार आच्छादन उभारण्याचे ठरले. त्याचा खर्च दहा कोटी पौंडांच्या वर जाणार, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आले आणि तिथे मोठा गहजब झाला. कोणी म्हणाले, वटवाघळांनी देश बुडविला. आमच्या मते दोष वटवाघळांचा नाही. मार्गाची रेघ आधी ओढली आणि रानाचा विचार मागाहून केला, की असे महागडे छत बांधावे लागते. आपल्याकडे तर छत कोणी बांधणार नाही, झाडच पाडतील. म्हणून जे करायचे ते रेघ ओढण्याआधी.

आपण काय करावे

पहिले काम मोजणीचे. आपल्या वाड्यावर वाघळांचे झाड, ढोलीचे जुने झाड, गुहा किंवा झरा असेल तर त्याची जागा, सर्व्हे नंबर, झाडाची जात व घेर वहीत लिहावा. एक-चौदाचा उतारा जोडावा. सूर्यास्ताला वाघळे उडू लागली की दोघांनी दोन बाजूंना बसून मोजावीत. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला. शाळेतली मुले हे काम आनंदाने व बिनचूक करतात. वर्षभराची अशी वही म्हणजे न्यायालयात किंवा कचेरीत दाखविता येण्याजोगा पुरावा.

दुसरे काम पंचायतीचे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकांची नोंदवही ठेवायला हवी. आपली वही त्या नोंदवहीत चढवावी आणि ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. परवानगीवाचून झाड तोडले जात असेल तर वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. या कायद्याचे मोलही आपण ओळखले पाहिजे. २०१६ साली माडाला त्यातून वगळले गेले तेव्हा लोकांनी ओरड केली आणि २०१७ साली माड पुन्हा कायद्यात आला. ओरड वाया जात नाही.

तिसरे काम प्रश्न विचारण्याचे. मोजणीदार आले तर त्यांना हाकलू नये. त्यांच्याकडून लेखी उत्तरे मागावीत. याखेरीज दुसरा मार्ग तपासला का? बोगद्याचे तोंड कुठे? खोदलेली माती कुठे टाकणार? झऱ्याचे पाणी कुठे वळविणार? फेब्रुवारी ते जून या दिवसांत, वाघळांची पिले आईला चिकटलेली असताना, झाडे तोडणार नाही ना? रात्री दिव्यांचा झोत वस्तीच्या झाडावर पडणार नाही ना? कोणाही प्रामाणिक इंजिनियरला या प्रश्नांचा राग येणार नाही.

चौथे, आणि आमच्या मते सर्वांत कठीण काम, एकमेकांना धरून राहण्याचे. जमिनीला भाव मिळतो म्हटले की एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना जातात. देवराई राखणारे आपले हिंदू शेजारी आणि आपण यांचे रान, पाणी, वाघळे एकच आहेत. पेडण्या-डिचोलीत ख्रिस्ती घरे थोडी. एकट्याने आवाज उठविला तर तो विरून जाईल. चांदरला जमलेल्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते, हे विसरू नये.

तेव्हा येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक वाड्याने निदान एक झाड वहीत लिहावे, ही आमची विनंती. पुढे कधी कोणी विचारले की इथे होते काय, तर आपल्याकडे बोटाने दाखवायला जागा, वाचायला तारीख आणि सांगायला आकडा असू द्या.